झेड ड्राइव्हची लाल फुली

पुण्यातल्या पेठांमधल्या छापखान्यांत २००० ते २०१०च्या काळात ‘झेड’ म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नसे. सी म्हणजे मशीनची स्वतःची डिस्क, डी म्हणजे चालू कामाच्या फायली, ई म्हणजे सीडी, आणि झेड म्हणजे ‘तिकडचं’. तिकडचं म्हणजे नक्की कुठलं, याच्याशी ऑपरेटरला देणंघेणं नव्हतं. कधी ते पलीकडच्या खोलीतलं मशीन असे, कधी मुंबईच्या गिऱ्हाइकाचं, तर कधी अमेरिकेत भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवरचं फोल्डर. ‘माय कॉम्प्युटर’ उघडला की सगळे एका रांगेत. झेडच्या चित्रावर लाल फुली आली की मला फोन यायचा, “अहो, झेड गेला बघा परत.”

मी तेव्हा सदाशिव, नारायण आणि शनिवार पेठेतल्या डीटीपीवाल्यांची मशीनं सांभाळायचो. फॉन्ट टाकायचे, लॅनच्या केबली ओढायच्या, प्रिंटर रुसला की समजूत काढायची आणि झेड परत आणायचा. त्यामुळे दूरच्या सर्व्हरवरची फाइल आपल्या टेबलावरच्या मशीनमध्ये कशी येऊ लागली, याचा इतिहास मी वाचला तो त्या फुलीच्या बाजूने. आणि माझं मत असं झालं की या सगळ्या खटाटोपात दोन घराणी आहेत. एक म्हणतं, फाइल दूर आहे हे मान्य करा, ती आणा, काम करा, परत पाठवा. दुसरं म्हणतं, अंतर लपवा, माणसाला ती घरातलीच वाटू द्या. विकायला दुसरं सोपं. निस्तरायला पहिलं.

गंमत म्हणजे दोन्ही घराण्यांचा मूळ पुरुष एकच, आणि तो आपल्याकडचा आहे. अभय भूषण अलाहाबादचे, आयआयटी कानपूरच्या अगदी पहिल्या तुकडीतले. ज्या काळात देशात संगणक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, त्या काळात कानपूरला आयबीएम १६२० हे यंत्र आलं होतं. १९६५ला पदवी घेऊन भूषण एमआयटीत गेले आणि १६ एप्रिल १९७१ रोजी त्यांनी इंटरनेटचं पूर्वज असलेल्या आर्पानेटच्या मंडळींसमोर एक टिपण ठेवलं. अशा टिपणांना आरएफसी म्हणतात; याचा क्रमांक आरएफसी ११४ आणि विषय फाइल ट्रान्सफर प्रोटोकॉल, म्हणजे आपलं एफटीपी. वेब यायला अजून जवळजवळ वीस वर्षं होती.

त्या टिपणाच्या सुरुवातीलाच भूषण यांनी नेटवर्कच्या वापराचे दोन प्रकार केले आहेत, प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष. प्रत्यक्ष म्हणजे दूरच्या यंत्रावर लॉगिन करायचं आणि तिथलेच एक होऊन काम करायचं, त्यासाठी त्या यंत्राच्या चालीरीती शिकायच्या. अप्रत्यक्ष म्हणजे तुम्ही आपल्याच यंत्रावर बसायचं. पलीकडचं यंत्र कसं वापरतात हे तुम्हाला ठाऊक असण्याचीही गरज नाही, दोन्हीकडचे प्रोग्रॅम आपसात बोलून घेतील. आज हे इतकं उघड वाटतं की त्यात सांगण्यासारखं काय, असा प्रश्न पडावा. पण तेव्हा आर्पानेटवर पंधरा-वीस ठिकाणं होती आणि प्रत्येक यंत्राची तऱ्हा वेगळी. कुणाचा शब्द ३६ बिटांचा, कुणाचा ३२ बिटांचा. कुणी अक्षरं आस्कीत साठवतो, आयबीएमवाला एब्सिडिकमध्ये. मजकुराच्या ओळीचा शेवट कसा दाखवायचा यावरही एकमत नाही. म्हणून फाइल पाठवण्याआधी ती मजकूर आहे की नुसते बिट आहेत, हे सांगणं भाग पडलं. मजकूर असेल तर वाटेत त्याचं रूपांतर करायचं, बिट असतील तर हात लावायचा नाही.

ही १९७१ची सोय तीस वर्षांनी नारायण पेठेत मला छळायला आली. विंडोजच्या काळ्या खिडकीत एफटीपी चालवलं की ते गृहीत धरायचं की येणारी फाइल मजकूर आहे. आस्की हाच ठरलेला प्रकार, १९८५च्या अधिकृत मसुद्यातही तसंच लिहिलेलं. मग ऑपरेटर देवनागरी फॉन्टची फाइल एखाद्या युनिक्स सर्व्हरवर चढवायचा आणि वाटेत जिथे जिथे ‘ओळ संपली’ असं वाटणारे दोन बाइट दिसतील, तिथे त्यातला एक गळायचा. फाइल पोचायची. नाव तेच. आकार थोडासा कमी, पण तो बघतो कोण? पलीकडे फॉन्ट बसवायला गेलं की विंडोज म्हणणार, ही फॉन्टची फाइलच नाही. पाठवण्याआधी ‘बिन’ हे तीन अक्षरांचं फर्मान टाइप करायचं, मग ‘हॅश’ टाइप करायचं, म्हणजे काही बाइट गेले की पडद्यावर एक # उमटतो. मी प्रत्येक मशीनच्या मॉनिटरवर स्केचपेनने ‘बिन!’ लिहून चिठ्ठी चिकटवली होती. एका ठिकाणी त्या चिठ्ठीचा अर्थ कुणीतरी कचऱ्याच्या डब्याशी लावला. पण एवढं असूनही एफटीपी प्रामाणिक होतं. # उमटायचे थांबले की फाइल थांबली, हे शेंबड्या पोरालाही कळायचं.

नेटवर्कवरची सुरुवातीची टपालही याच गाडीवरून गेली. आर्पानेटवर ईमेलचा स्वतःचा प्रोटोकॉल यायच्या आधी पत्रं पोचवायला एफटीपीमध्येच दोन आज्ञा वाढवल्या होत्या. पुढे याच्या उलटही झालं. ज्यांच्याकडे फक्त ईमेल होती, थेट इंटरनेट नव्हतं, अशांसाठी एफटीपीमेल नावाची सोय निघाली. सर्व्हरला पत्र लिहायचं, पत्रात आज्ञा लिहायच्या, आणि मागवलेली फाइल अक्षरांच्या रूपात तुकड्या-तुकड्यांनी टपालपेटीत यायची. तुकडे क्रमाने जोडायचे, एक जरी हरवला तरी सगळं वाया.

१९८५च्या ऑक्टोबरात जॉन पोस्टेल आणि जॉइस रेनॉल्ड्स यांनी एफटीपीला जे रूप दिलं, ते आरएफसी ९५९ या नावाने आजतागायत चालू आहे. याच काळात सार्वजनिक सर्व्हरांची प्रथा वाढली. नाव ‘अनॉनिमस’ टाकायचं, पासवर्डच्या जागी रीत म्हणून आपला ईमेल पत्ता द्यायचा आणि हवं ते उचलायचं. कुठल्या सर्व्हरवर काय आहे हे शोधायला मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात अ‍ॅलन एम्टेज यांनी १९९०मध्ये ‘आर्ची’ बनवलं, म्हणजे शोधयंत्रांचे आजोबाच. १९९१च्या सप्टेंबरात हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स यांची नवी कार्यप्रणाली फिनलंडच्याच एका एफटीपी सर्व्हरवर ठेवली गेली. लिनसना ‘फ्रीक्स’ हे नाव हवं होतं, सर्व्हर सांभाळणाऱ्या अरी लेम्के यांना ते आवडलं नाही, त्यांनी फोल्डरला ‘लिनक्स’ नाव दिलं. सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाचं इतिहासात एवढं चाललेलं मला दुसरं उदाहरण माहीत नाही.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ला, व्हीएसएनएलच्या रूपाने. स्वस्तातलं खातं ‘शेल’चं. मोडेम कर्कश ओरडून जोडला गेला की पडद्यावर नुसती अक्षरं. शेल खात्यात एफटीपी म्हणजे दोन टप्प्यांचा प्रवास, फाइल आधी व्हीएसएनएलच्या यंत्रावर यायची आणि मग तिथून वेगळ्या प्रोग्रॅमने आपल्या घरी. ९६०० बिटांच्या वेगाने एक एमबी उतरायला सगळं सुरळीत असेल तर जवळपास पंधरा मिनिटं लागत, आणि सगळं सुरळीत क्वचितच असे. तेव्हा आपण दूरच्या यंत्राशी बोलतोय याचा विसर पडणं शक्यच नव्हतं.

विसर पाडण्याचं काम ऑफिसच्या चार भिंतींत सुरू झालं. नव्वदच्या दशकात ज्यांनी नॉव्हेल नेटवेअर पाहिलंय त्यांना ‘एफ’ आठवेल. मशीन चालू करा, एफ टाइप करा, लॉगिन करा, की सर्व्हरची डिस्क आपलीच. मशीनच्या स्वतःच्या डिस्कांना ईपर्यंतची अक्षरं राखून ठेवलेली, म्हणून नेटवर्कचं खातं एफपासून. झेड हा त्याच प्रथेचा धाकटा भाऊ, फक्त मोजणी उलट्या टोकाकडून. हे सगळं एका कोअ‍ॅक्सियल केबलवर चालायचं आणि झाडलोट करताना टोकाचा टर्मिनेटर निघाला की अख्खं ऑफिस थंड.

युनिक्सच्या दुनियेत हेच काम सन मायक्रोसिस्टिम्सने केलं. विनोद खोसला ज्या चौघांपैकी एक, तीच ही १९८२ची कंपनी. तिने ८०च्या दशकाच्या मध्याला नेटवर्क फाइल सिस्टिम, म्हणजे एनएफएस, बाहेर काढली. दूरची डिस्क आपल्या झाडाला फांदीसारखी जोडून टाकायची, प्रोग्रॅमला पत्ताही लागणार नाही. पत्ता लागायचा तो सर्व्हर बंद पडला की. पडद्यावर ओळ यायची, ‘एनएफएस सर्व्हर नॉट रिस्पाँडिंग, स्टिल ट्रायिंग’. आणि मशीन खरोखरच प्रयत्न करत राहायचं, तासन्‌तास, कारण आपल्याच डिस्कने कधी उत्तर दिलं नाही तर काय करायचं, हे त्या प्रोग्रॅमांना कुणी शिकवलेलंच नव्हतं.

याच सन कंपनीच्या प्रयोगशाळेत १९९४मध्ये जिम वाल्डो आणि तीन सहकाऱ्यांनी एक टिपण लिहिलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की जवळची वस्तू आणि दूरची वस्तू सारखीच आहे असं भासवणं हा मुळातच घोटाळा आहे. दूरची हळू असते, आणि मुख्य म्हणजे ती अर्ध्यातच मरू शकते, आपण जिवंत असताना. उदाहरण म्हणून त्यांनी आपल्याच घरातलं एनएफएस घेतलं. मी ते टिपण फार उशिरा वाचलं. आधी वाचलं असतं तर फोन करणाऱ्यांना नीट उत्तर देता आलं असतं असं मात्र नाही. दहाच्या आत पान सोडायचं असलेल्या माणसाला वाल्डो ऐकवून उपयोग नसतो.

यावर तोडगा काढला होता तो पिट्सबर्गला. कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९८०च्या दशकात आयबीएमबरोबर अँड्र्यू नावाचा प्रकल्प घेतला, निदान पाच हजार मशीनं एका फाइल व्यवस्थेला जोडायची या बेताने. तिच्या मागचं मुख्य डोकं महादेव सत्यनारायणन, आयआयटी मद्रासचे. त्यांची रीत अशी, की फाइल उघडली की ती अख्खी आपल्या डिस्कवर आणायची, सगळं काम तिथेच, आणि बंद केली की बदललेली परत पाठवायची. मध्ये दुसऱ्या कुणी ती बदलली तर सर्व्हरने स्वतःहून निरोप द्यायचा की तुझ्याकडची प्रत शिळी झाली. वाचनालयाचं पुस्तक घरी आणून वाचण्यासारखंच हे. दरवेळी पान उलटायला वाचनालयात जायचं नाही. अंतर लपवलेलं आहे, पण फसवलेलं नाही. माझ्या लेखी या सगळ्या गोष्टीतला सर्वांत शहाणा माणूस हाच.

आता वेब. टिम बर्नर्स-ली यांनी १९९०च्या शेवटी जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये पहिला ब्राउजर लिहिला, तो वाचण्याइतकाच लिहिण्यासाठी होता. पान उघडा, त्यातच दुरुस्ती करा, जपून ठेवा. फक्त ते जपून ठेवणं आपल्याच डिस्कपुरतं होतं, दूरच्या सर्व्हरवर परत लिहायची आज्ञा तेव्हा झालेली नव्हती. पुढे १९९३मध्ये मोझेक आला, जग त्यावर लुब्ध झालं, आणि मोझेक नुसता वाचणारा होता. वेब ही ‘बघायची’ गोष्ट ठरून गेली. वेबसाइट करणारे आपली पानं मागच्या दाराने एफटीपीनेच चढवू लागले, डब्ल्यूएस-एफटीपी, क्यूटएफटीपी, २००१नंतर फाइलझिला. डाव्या खिडकीत आपलं, उजव्या खिडकीत त्यांचं. या दोन खिडक्यांची कल्पना डॉसवरच्या नॉर्टन कमांडरची, आणि आमच्या ऑपरेटरांना ती इतकी पसंत होती की पेनड्राइव्हवर फाइल टाकायलासुद्धा कुणी कुणी तसलाच प्रोग्रॅम शोधायचे.

मागच्या दारालाच कुलूप लागायला लागलं, तिथून वेबडॅव्हची, म्हणजे वेबच्याच दारातून दूरच्या फायली वाचण्या-लिहिण्याच्या सोयीची, गरज भासली असं मला वाटतं, जरी त्याच्या जनकांनी कारण वेगळं दिलेलं असलं. एफटीपीला दोन जोडण्या लागतात, एक बोलायला आणि एक फाइल न्यायला. जुन्या पद्धतीत मशीन सर्व्हरला सांगायचं, ‘मला या पत्त्यावर उलट जोडून घे’, आणि पत्ता सहा आकड्यांत द्यायचं. १९२,१६८,१,५,४,१ असं. पहिले चार म्हणजे मशीनचा पत्ता, शेवटच्या दोनांतून पोर्ट काढायचा, चार गुणिले २५६ अधिक एक म्हणजे १०२५. आता १९२.१६८ने सुरू होणारा पत्ता हा घरगुती. एका टेलिफोन लाइनवर ऑफिसमधली सगळी मशीनं चालवण्यासाठी दिलेला. बाहेरच्या सर्व्हरला त्याचा काहीच अर्थ लागत नाही. तो उलट जोडायला जाणार कुठे? लॉगिन व्हायचं, पासवर्ड मान्य व्हायचा, आणि फोल्डरची यादी मागितली की सगळं चिडीचूप. दुसरी जोडणीही मशीननेच करायची, या पॅसिव्ह पद्धतीने यातून वाट निघाली, पण मोठ्या कंपन्यांच्या फायरवॉलनी तीही अडवली. सगळीकडे हमखास उघडं असायचं ते वेबचं दार, पोर्ट ८० आणि ४४३.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन शाखेत जिम व्हाइटहेड यांनी वेबडॅव्हसाठी १९९६पासून लोकांना गोळा करायला सुरुवात केली. १९९७मध्ये त्याचा अधिकृत गट झाला आणि फेब्रुवारी १९९९मध्ये आरएफसी २५१८ आला. लेखकांच्या यादीत व्हाइटहेड यांच्यासोबत मायक्रोसॉफ्टचा माणूस, नेटस्केपचा माणूस आणि नॉव्हेलची दोन माणसं. ज्या काळात मायक्रोसॉफ्ट आणि नेटस्केप एकमेकांची लक्तरं काढत होते, त्याच काळात दोघांच्या माणसांची नावं एका कागदावर आली, ही मला त्या कागदातली सर्वांत मनोरंजक गोष्ट वाटते.

वेबडॅव्हने केलं काय? वेबच्या नेहमीच्या ‘दे’ आणि ‘घे’ या आज्ञांना काही नव्या जोडल्या. फोल्डर बनव, नक्कल कर, हलव, कुलूप लाव, कुलूप काढ. आणि सगळ्यात जास्त वापरली जाणारी ‘प्रॉपफाइंड’, म्हणजे या फोल्डरमध्ये काय काय आहे, कुठल्या आकाराचं आणि कधीचं, ते सांग. सर्व्हर २०७ क्रमांकाचं उत्तर देतो आणि सोबत एक लांबलचक एक्सएमएल. एकदा कुतूहल म्हणून मी तारेवरून जाणारं हे संभाषण उघडून पाहिलं. फोल्डरमध्ये ‘अंतिम’ नावाची फाइल होती. आपल्या डोळ्यांना ती तीन अक्षरं. संगणकाला पाच, कारण अनुस्वार आणि वेलांटी वेगळी मोजतात. युनिकोडच्या वाहतुकीत प्रत्येकाला तीन बाइट, आणि वेबच्या पत्त्यात प्रत्येक बाइट टक्क्याच्या चिन्हासह तीन चिन्हांत. अंतिम या शब्दाचे झाले पंचेचाळीस. आमच्या धंद्यात ‘अंतिम’नंतर ‘अंतिम दुरुस्त’, ‘अंतिम दुरुस्त २’ आणि ‘हीच छापायची’ अशा फायली असतात, तेव्हा ते उत्तर किती लांब होत असेल याची कल्पना करा.

आणि अशा फेऱ्या एक-दोन नसतात. पुण्याहून अमेरिकेत जाऊन यायला एका निरोपाला पाव सेकंदाहून जास्त वेळ लागतो. झेड वेबडॅव्हवरून जोडलेला असला की विंडोज एक फोल्डर उघडायला आधी सर्व्हरला काय काय जमतं ते विचारणार, मग फोल्डर आहे का विचारणार, मग त्यात काय आहे, मग वरच्या फोल्डरबद्दल. दहा फेऱ्या म्हटल्या तरी तीन सेकंद. सीवर डबल-क्लिक केल्यावर लगेच उघडतं, झेडवर उघडत नाही, म्हणून ऑपरेटर पुन्हा डबल-क्लिक करतो, आणि फेऱ्या दुप्पट. दोघांची चित्रं सारखीच काढल्यावर त्याने वेगळं का वागावं?

कुलपाची गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. वेबडॅव्हचा खरा उद्देश हाच होता, की दोघांनी एकच फाइल उघडली आणि नंतर जपणाऱ्याने आधीच्याचं काम पुसून टाकलं, असं होऊ नये. म्हणून फाइल उघडताना कुलूप मागायचं. सर्व्हर एक लांब क्रमांक देतो, तो ज्याच्याकडे असेल त्यालाच लिहिता येतं, बाकीच्यांना ४२३, म्हणजे कुलूपबंद. २००५च्या सुमाराला अमेरिकेतल्या एका महाराष्ट्र मंडळाची स्मरणिका पुण्यात लागत होती. लेख वर्डमध्ये, फोल्डर तिकडच्या सर्व्हरवर, मुद्रितं तपासणाऱ्या बाई न्यू जर्सीत. आपली सकाळ म्हणजे त्यांची झोपायची वेळ, त्या तेवढ्यात तासभर बसायच्या. एके दिवशी इकडे ऑपरेटरने अध्यक्षांचं मनोगत उघडलं आणि लोडशेडिंगची वेळ झाली. यूपीएस दोन मिनिटं शिट्ट्या मारून गप्प. मशीन गेलं, पण कुलूप अमेरिकेत तसंच लागलेलं, कारण किल्ली असलेलं मशीन मेलंय हे सर्व्हरला कळायला मार्गच नाही. मुदत संपेपर्यंत थांबणं एवढंच त्याच्या हातात. तिकडे बाईंच्या पडद्यावर आलं, ही फाइल ‘पीसी ३’ यांच्या वापरात आहे. त्यांनी मेल लिहिली ती मी मोबाइलवर वाचून दाखवलेली ऐकली: “हे पी. सी. कोण? त्यांना नम्र विनंती की मनोगत सोडावं, मला उद्या ऑफिस आहे.” ऑपरेटर म्हणाला, “दादा, त्यांना सांगा ना, लाइट आली की सोडतो.”

त्या वर्षी ब्रॉडबँड घरोघर येत होतं. २००४च्या सरकारी धोरणात ब्रॉडबँड म्हणजे किमान २५६ केबीपीएस अशी व्याख्या होती. विंडोजची वेबडॅव्हची रीत सत्यनारायणन यांच्यासारखीच, अख्खी फाइल उतरवायची आणि बंद करताना परत चढवायची. पण ते काम कॅम्पसच्या जाळ्यावर करणं वेगळं आणि टेलिफोनच्या तारेवर वेगळं. मुखपृष्ठाची ४० एमबीची फाइल २५६च्या वेगाने उतरायला वीस मिनिटांच्या वर. तोवर पडद्यावर घड्याळ फिरतंय. किती झालं, किती राहिलं, काही नाही. एफटीपीतला तो # सुद्धा नाही. शिवाय मायक्रोसॉफ्टने सुरक्षेसाठी एका फाइलला पाच कोटी बाइटांची मर्यादा घातली होती, म्हणजे जेमतेम ४८ एमबी. ती वाढवायची तर रजिस्ट्रीत शिरून एक आकडा बदलावा लागे. छपाईच्या धंद्यात ४८ एमबी म्हणजे काहीच नाही.

मॅकवाल्यांचं थोडं बरं होतं. अ‍ॅपलने जानेवारी २०००मध्ये आयडिस्क दिली, २० एमबी फुकट, आणि पुढच्या वर्षी तिचा गाडा वेबडॅव्हवर आणला. कमांड-के दाबा, पत्ता द्या, टेबलावर डिस्क हजर. जाहिरात एजन्सीची मॅक आमच्या झेडला जोडली गेली की प्रत्येक फोल्डरमध्ये ‘डीएस स्टोअर’ नावाची पिल्लं सोडून जायची आणि ऑपरेटर विचारायचे की हा व्हायरस आहे का. ३० जून २०१२ला आयडिस्क बंद झाली.

तोवर निकाल लागून गेला होता. ड्र्यू ह्यूस्टन बोस्टनहून न्यूयॉर्कच्या बसमध्ये बसले, पेनड्राइव्ह घरीच राहिला, त्या वैतागातून ड्रॉपबॉक्स निघालं, अशी कथा ते स्वतः सांगत आले आहेत. २००८मध्ये ते सर्वांसाठी खुलं झालं. फाइल आपल्याच डिस्कवर, झेड वगैरे नाही, आणि मागच्या मागे कुणीतरी ती सर्व्हरशी जुळवत राहतं. नेट गेलं तरी काम चालू. कुलूपही नाही, दोघांनी बदल केला तर दोन प्रती ठेवतं आणि तुम्ही बघा म्हणतं. पिट्सबर्गची कल्पनाच ही, फक्त लोकांच्या अंगवळणी पडायला वीस-पंचवीस वर्षं लागली. २०१७मध्ये वनड्राइव्हने पुन्हा फिरून फाइल दिसेल पण असेलच असं नाही, ही सोय आणली, ढगाच्या चिन्हासह. त्या ढगावरून आता मला जे फोन येतात ते ऐकून वाल्डोंना काही नवल वाटलं नसतं.

जुनं एकेक मिटत गेलं. लिनक्सच्या गाभ्याच्या अधिकृत साठ्याने १ मार्च २०१७ला आपला एफटीपी सर्व्हर बंद केला, डेबियनने त्याच वर्षी १ नोव्हेंबरला. २०२१मध्ये फायरफॉक्स आणि क्रोम दोघांनी एफटीपीचा पत्ता ओळखणं सोडलं. नोव्हेंबर २०२३मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजमधला वेबडॅव्ह जोडणारा भाग निवृत्तीच्या यादीत टाकला. वेबडॅव्ह मेलं मात्र नाही. नेक्स्टक्लाउडसारखी स्वतःची फाइल व्यवस्था बसवलेल्या संस्थांत ते रोज राबतं, आणि त्याची दोन पोरं, कॅलडॅव्ह आणि कार्डडॅव्ह, असंख्य फोनांमधली कॅलेंडरं आणि नंबर जुळवत बसलेली असतात. तिथे ते कुणाला दिसत नाही, म्हणून कुणाची तक्रारही नाही.

छापखान्यांत आता पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर येते, मोठी असेल तर ड्राइव्हची लिंक, आणि ‘परवानगी द्या’ म्हणून तीन फोन. माझ्या गिऱ्हाइकांपैकी एकच छापखाना अजून दोन खिडक्यांच्या जमान्यात आहे. पानं डावीकडून उजवीकडे जातात आणि मालक स्वतः पट्टी पुढे सरकताना बघतात, कारण पट्टी सरकली म्हणजे काम झालं, यावर त्यांचा विश्वास आहे. साध्या एफटीपीत पासवर्ड तारेवरून उघडा जातो, म्हणून मी मागे त्यांना एसएसएचवरून चालणारं एसएफटीपी बसवून दिलं. फाइलझिलात दिसायला दोन्ही सारखं, फक्त पोर्ट २१च्या जागी २२. “मग यात वेगळं काय केलंत?” त्यांनी बिल बघत विचारलं. म्हटलं, पासवर्ड आता कुणाला दिसणार नाही.

“असं कसं, तो तर मॉनिटरवर चिकटवलाय,” ते म्हणाले.